पाटाची साफसफाई

नव्वदीच्या दशकात आखातातल्या अजमानहून चार कोकणी गडी घेऊन मी डोंगरातल्या एका खजुराच्या बागेत पाट साफ करायचं कंत्राट घेऊन गेलो. साफ म्हणजे साफ! पाटावर ओणवलेली झुडपंसुद्धा मी छाटून टाकली. दुसऱ्या दुपारी म्हाताऱ्या अरब मालकानं माझा हात धरून पाण्यात बुडवला. पाणी कोमट झालं होतं. बोटाएवढे मासे उरलेल्या एकाच झुडपाच्या सावलीत दाटले होते.

"एवढ्याशा माशांचं काय कौतुक?" मी वैतागलो.

"ते शेवाळ खातात," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "तू वर्षातून एकदा पाट साफ करतोस. ते रोज करतात."

गड्यांनी खजुराच्या झावळ्यांचे झाप विणून पाटावर घातले. तिसऱ्या दिवशी काम नसतानाही मी थांबलो. माझ्याहून जुने कंत्राटदार कसं काम करतात, ते झापाखाली डोकं घालून बघायचं होतं.