तीन ॲप आणि एक वाचक

मराठीत लिहायची मला चोरी होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे घरच्या ग्रुपवर चार ओळी मराठीत टाकल्या की आत्याचा मेसेज यायचा, ‘बघा, मॅडम मराठी शिकल्या.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आत्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण एकदा मी सगळे वापरतात त्या मोठ्या ॲपवर कालव्याकडेच्या बगळ्यांबद्दल लिहिलं, आणि बारामतीचं ऑफिस सुटून सणसरला घरी पोचेपर्यंत ते सगळ्या भावकीत वाचून झालं होतं. एका काकूंनी लिहिलं होतं, ‘बगळे कशाला, स्थळं बघ.’ मी ते पुसून टाकलं.

मला फक्त एवढंच हवं होतं, की मराठीत लिहावं आणि ते ओळखीच्या कुणी वाचू नये. म्हणून मी त्या दुसऱ्या प्रकारच्या ॲपांकडे वळले, ज्यांना एक मालक नसतो. ज्याला हवा तो आपला सर्व्हर चालवतो आणि हे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात.

पहिल्या ॲपने आधी विचारलं, कुठला सर्व्हर? यादी संपेना. एक छोटा निवडला तर त्याने अर्ज भरून घेतला, तुम्हाला इथे का यायचं आहे? मंजुरीला तीन दिवस लागले. आत गेल्यावर उसाच्या ट्रॉलीचा फोटो टाकला, तर एकाने अतिशय नम्रपणे सुनावलं की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोचं वर्णन लिहायचं असतं. त्याचं बरोबरच होतं. पण मराठी वाचणारं तिथे कुणी नव्हतं, आणि मी त्या ट्रॉलीचं इंग्रजीत वर्णन करत बसले.

दुसऱ्या ॲपने पासवर्डऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चोवीस इंग्रजी शब्द दिले. हे हरवले तर खातं गेलं, कुणाकडे दाद मागायची सोय नाही. मी ते कागदावर लिहून ठेवले. महिन्याभरात मम्मीने टेबल आवरलं आणि तो कागद रद्दीत गेला. तिसरं ॲप खरंच सोपं होतं, मराठी माणसंही बरीच होती. दुसऱ्याच दिवशी त्याने ‘या तुमच्या ओळखीच्या असू शकतात’ म्हणून आत्याच्या मुलीचा फोटो दाखवला.

मी मुकाट्याने पहिल्याकडे परत गेले. हळूहळू तिथे एक वाचक मिळाली. दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवरची, टिटवीचं चित्र लावलेली एक मुलगी. तिच्या माहितीत पुणे लिहिलं होतं. माझ्याही. बाहेरच्यांना आम्ही सगळे पुणेच सांगतो, इंदापूर तालुका म्हटलं की पुढे नकाशा समजावत बसावं लागतं. मी लिहिलेलं ती सगळं वाचायची. एखादा शब्द चुकला तर सांगायची, आणि मला लाज वाटायची नाही. दीड वर्ष असं चाललं.

मग माझा सर्व्हर चालवणाऱ्याचं तिचा सर्व्हर चालवणाऱ्याशी वाजलं. एका सकाळी सूचना आली, त्या सर्व्हरशी संबंध तोडले आहेत. टिटवी गायब.

मी चहा घेताना चिडचिड करत होते, तेव्हा पप्पांनी काय झालं विचारलं. ते साखर कारखान्याचे जुने सभासद. मी समजावलं, की मालक नसतो, सगळे आपापलं चालवतात.

“मंजे सहकारी हाय,” ते म्हणाले. “मग सभा कधी असती?”

“सभा नसते, पप्पा.”

“मग चेरमन पाडायचा कसा?”

“पाडता येत नाही. आपण निघून जायचं.”

“दोन चेरमनचं भांडण, आन सभासदांची सोयरीक मोडली म्हण की,” म्हणत त्यांनी बशी खाली ठेवली. या ॲपांवरचे एवढे लेख वाचून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी अर्ध्या कपात सांगितलं.

तिच्या सर्व्हरवर नवीन खातं काढलं. पुन्हा अर्ज, पुन्हा इथे का यायचं आहे. मी खरं ते लिहिलं, इथली एक जण माझं वाचते. दोन दिवसांनी मंजुरी आली, ऑफिसात डबा उघडला होता तेव्हा. मी तिला लगेच लिहिलं. तिचं उत्तर आलं, “हे पण तुटलं तर? तुझा नंबर दे ना.”

नंबर म्हणजे नाव, फोटो, सगळंच. मी लिहिलं, नंबर मी कुणाला देत नाही.

“बरं. मी खरं तर पुण्याची न्हाय. वरकुट्याची हाय. इंदापूरकडं. तुला म्हाईत नसंल.”

वरकुटे आमच्यापासून तासाभराच्या आत. मी डबा बाजूला सारला. मग एकच शब्द पाठवला, सणसर.

“तितं माझी मावशी दिलीय,” तिने लिहिलं.

मी खातं बंद करायचं बटण शोधायला लागले. ते तिसऱ्या पानावर होतं, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत तिचा पुढचा मेसेज आला.

“मावशीला सांगणार न्हाय. मी लिहिते ते तिलाबी म्हाईत न्हाय.”

ती लिहिते, हे मला दीड वर्षात तिने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मी नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, तुझं लिहिलेलं आधी पाठव.