हबूबाच्या घराचे फोटो

मला पसारा सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते त्यापायीच घडलं. कुणाच्याही घरी गेले की माझा हात आपोआप उशीचा अभ्रा सरळ करायला जातो. हॉटेलात बसले की आधी टेबल पुसते, मग मेन्यू बघते. हातात कॅमेरा असला तर विचारूच नका. फोटोत कुठे रिकामी बाटली किंवा लोंबती वायर आली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, ही ताजमहालाचा फोटो काढायच्या आधीसुद्धा अंगण झाडून घेईल.

आम्ही आखातात, अल हैलला एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालक, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. आईला घरातले सगळे हबूबा म्हणतात, म्हणजे आजी. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. हबूबा डोंगरापलीकडची, निझवाच्या बाजूची. तिचं माहेर एका जुन्या तटबंदीच्या शहरात होतं. कित्येक शतकांचं ते दगडमातीचं शहर, घराला घर चिकटलेलं, मध्ये चिंचोळ्या गल्ल्या. पुढे लोक तटाबाहेर नवी घरं बांधून राहायला गेले आणि आतलं सगळं ओस पडलं. छपरं खचली, भिंती पावसापाण्यानं झिजल्या.

हबूबाला ते घर एकदा बघायचं होतं. पण तिचे गुडघे पार गेलेले. ढिगाऱ्यांवरून चालणं शक्य नाही आणि व्हीलचेअर तर वेशीतच अडली असती. मुलानं मोबाईलवर फोटो काढून आणले, एकदा ड्रोननं वरून शूटिंगही करवून घेतलं. ती बघायची आणि मोबाईल बाजूला सारायची. "ही नुसती माती आहे. माझं घर कुठे आहे?" होता होता तिच्या मनानं घेतलं की घर केव्हाच पडून गेलंय आणि मुलगा आपली समजूत घालायला दुसऱ्याच कुणाच्या तरी भिंती दाखवतोय. मग तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. समोर ताट आलं की दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. मुलगा बिचारा कानकोंडा होऊन घरात वावरायचा.

शेवटी एक दिवस तिची सून वर आली. आमचं दोघींचं मोडकंतोडकं इंग्रजी जुळतं. म्हणाली, "तुझे फोटो छान असतात. तू जाशील का?"

जाण्याआधी हबूबानं मला समोर बसवून घेतलं. खजूर, मग कॉफी. पुरे म्हणायला पेला हलवायचा असतो, पण माझा हलवण्याआधीच ती भरत होती. तिनं खुणा सांगितल्या आणि सुनेनं त्या मला सांगितल्या. मशिदीजवळच्या विहिरीवरून वळायचं. पुढे गल्ली इतकी आवळते की लादलेलं गाढव दोन्ही भिंतींना घासायचं. तिथल्या घराच्या आतल्या खोलीत तीन कोनाडे आहेत, त्यातला एक अगदी खाली, जमिनीलगत. तो तिच्यासाठी, लहान मुलीचा हात पोचावा म्हणून तिच्या वडिलांनी केलेला.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. तटाच्या आत शिरलो. उन्हात सगळं एकाच रंगाचं, आणि कबुतरांशिवाय कुणाचा आवाज नाही. विहीर सापडली. गल्ली सापडली. नवऱ्याची खांद्यावरची बॅग दोन्ही भिंतींना घासली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आतल्या खोलीत वाकून पाहिलं, तर जमिनीलगत खरंच एक कोनाडा होता.

पण खोलीची दशा! शेळ्यांच्या लेंड्या, कबुतरांची घाण, प्लॅस्टिकच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, वारा आणेल ती माती. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. म्हटलं, म्हातारीला हे दाखवायचं? आईच्या घरात शेळ्यांच्या लेंड्या?

"गाडीतला झाडू आण," मी नवऱ्याला म्हणाले. इथे गाडीत रोज वाळू येते म्हणून डिकीत आमचा एक झाडू कायमचा मुक्कामाला असतो.

"अगं, हे रुइन्स आहेत. रुइन्स कुणी झाडतं का?"

"ज्यांचं आहे त्यांनी पाठवलंय आपल्याला. आण म्हणते ना."

"खलास," म्हणत तो गेला. या देशात येऊन वाद संपवायचा हा एक शब्द तो छान शिकलाय.

पडलेल्या दगडांना मी हात लावला नाही. बाकी सगळं पिशव्यांत भरलं, डोक्याला ओढणी बांधली आणि खोली झाडून काढली. धुळीनं शिंका येऊन बेजार झाले, पण हात थांबेना. घाण निघाली तशी खालची घट्ट, गुळगुळीत जमीन दिसू लागली. एका जागी ताटाएवढा गोल खळगा होता. वरून तुळई पडून झाला असेल, असं मला वाटलं. मग दारातून तिरपं ऊन आलं आणि मी फोटो काढत सुटले.

दुसऱ्या दिवशी खाली लॅपटॉप घेऊन गेले. हबूबा गालिच्यावर पाय लांब करून बसली होती. मुलगा दाराशी उभा, आत यायचं धाडस होत नव्हतं त्याला. वेस, विहीर, गल्ली हे फोटो तिनं नुसते पाहिले. खोलीचा फोटो आला आणि तिचं बोट पुढे आलं. आधी खालच्या कोनाड्यावर. मग त्या गोल खळग्यावर, आणि तिथेच थांबलं.

"इथे जातं होतं," सून हळूच मला सांगू लागली. "आई दळायची. मी पीठ गोळा करायचे, म्हणतायत."

हबूबानं न बघताच दाराच्या दिशेनं हात लांब केला. मुलगा आला, तिच्याजवळ खाली बसला. तिनं त्याचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. दोघांचेही डोळे भरून आले होते. मला तर केव्हाचंच धड दिसत नव्हतं.

मग तिनं काहीतरी विचारलं.

"घर कुणी झाडलं?" सून म्हणाली.

मी छातीला हात लावून 'मी' अशी खूण केली. हबूबानं मला आपादमस्तक न्याहाळलं. फोटो मोठा करायला लावला. चष्मा सारखा करून स्क्रीनजवळ वाकली आणि कोनाड्याखालच्या कोपऱ्यावर नख टेकवून ठणकावून काहीतरी बोलली. सून ओशाळली. सांगावं की नाही, अशा विचारात पडली. पण मला कुणी सांगायची गरजच नव्हती.

इथे राहिलंय.

खरंच राहिलं होतं. मूठभर माती होती तिथे.

इतकी वर्षं या देशानं मला मानानं वागवलं. मॅडम म्हटलं, खजूर-कॉफी दिली, रस्त्यात गाडी बंद पडली तेव्हा अनोळखी माणसांनी उन्हात उभं राहून ढकलली. या सगळ्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण कोपरा राहिलाय म्हणून मला कुणी इथे रागावलं नव्हतं. तसं रागावणारी माझी आई गेल्यापासून कुठेच कुणी रागावलं नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी जाऊन काढते, हबूबा," मी मराठीतच म्हणाले. तिनं मान हलवली आणि सुनेला जेवण वाढायला सांगितलं, स्वतःचं आणि माझंही.