चार, दहा आणि अठरा इंच

"ही मुलगी होम सायन्सला जाईल." रुक्मिणम्मांनी सरोजाचा सहामाहीचा पेपर माझ्यापुढे सरकवला. "आणि तुमचा तो शनिवारचा तास बंद करा. इथे पोर्शन संपत नाही आणि तुम्ही शंका कसल्या सोडवता?"

रुक्मिणम्मा आमच्या हेडमिस्ट्रेस. जयनगर तेव्हा नव्यानं वसत होतं आणि तिथल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये मी गणित शिकवत असे. यजमानांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीहून आम्ही बेंगळुरूला आलो होतो. शनिवारी शाळा लवकर सुटे. त्यानंतर तासभर मी वर्गात थांबे. जिला जे अडलं असेल ते तिनं विचारायचं. अट एकच होती, प्रश्नाला कुणी हसायचं नाही.

सरोजा चिकपेटेतल्या एका शिंप्याची मुलगी. घरात मराठी, पण ती पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेली, निम्मी कानडी. तिला कॉलेजात सायन्सला जायचं होतं. त्यासाठी एसएसएलसीच्या शालान्त परीक्षेला ऑप्शनल मॅथेमॅटिक्स, म्हणजे जादा गणिताचा विषय, असावाच लागे. तो सुटला की सायन्सचं दार बंद.

पेपर निम्मा कोरा होता. मी तो घरी नेऊन पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जेवढं लिहिलं होतं त्यात एकही चूक नव्हती. प्रत्येक गणित मध्येच थांबलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "पुढची पायरी पाठ नव्हती का गं?"

"पाठ होती मिस. कळली नव्हती."

"मग लिहायची तरी!"

"नाही कळलं ते कसं लिहू?"

मला राग आला आणि कौतुकही वाटलं. असल्या हट्टी पोरीला शिकवायला हट्टी बाईच हवी, आणि तो गुण माझ्यात सासरमाहेरचे सगळे सांगतील इतका आहे. मी तडक रुक्मिणम्मांकडे गेले.

"प्रिपरेटरीपर्यंत थांबा," मी म्हटलं. बोर्डाच्या परीक्षेआधीची शाळेची शेवटची परीक्षा म्हणजे प्रिपरेटरी.

"थांबते. पण तिनं एक जरी गणित अर्धवट सोडलं तरी विषय बदलणार. आणि तुमचा शनिवारही गेला."

"सरी," 'बरं' या अर्थी मी म्हटलं. माझ्या कानडीतला तेवढा एक शब्द बिनचूक होता.

मग आम्ही दोघी कंबर कसून कामाला लागलो. पहिल्याच शनिवारी तिनं विचारलं, "उणे गुणिले उणे अधिक का होतं, मिस?" नियम आहे, असं म्हणून मी आजवर शेकडो मुलींना वाटेला लावलं असेल. ही हलेना.

"तुमच्या घरी पाण्याची तोट्टी आहे ना?" मी म्हटलं. तोट्टी म्हणजे हौद. "तिला चीर पडलीय. तासाला तीन इंच पाणी उतरतं. ते झालं उणे तीन. दोन तासांपूर्वीचं विचारलं तर ते उणे दोन. तेव्हा पाणी आत्तापेक्षा किती होतं?"

ती स्वतःशी पुटपुटली. "सहा इंच वर." मग मोठ्यानं हसली. "स्वल्प थांबा मिस, मी अक्काला सांगून बघते. तिला पटलं तर मला नक्की कळलं."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिला पटलं. पुढे दर शनिवारी असंच चाललं आणि सरोजाची गणितं शेवटापर्यंत पोचू लागली.

प्रिपरेटरीचा पेपर बाहेरून छापून आला होता. मी उत्तरपत्रिका तपासायला घेणार तोच रुक्मिणम्मांनी बोलावलं. त्यांनी सरोजाचा आणि बाकीच्यांचेही पेपर आधीच चाळले होते.

"शेवटचं गणित अर्धवट आहे. बाकी सगळ्या मुलींचं उत्तर अठ्ठेचाळीस. छापील उत्तरही तेच." विषय बदलायचा फॉर्म टेबलावर तयार होता.

मी गणित पाहिलं. त्रिकोणाच्या बाजू चार, दहा आणि अठरा इंच; क्षेत्रफळ काढा. रीत साधी आहे. तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं करायचं, ते आलं सोळा. त्यातून एकेक बाजू वजा करायची. मग चारही संख्यांचा गुणाकार आणि त्याचं वर्गमूळ. सरोजानं सोळातून अठरा वजा करून उणे दोन लिहिले होते. गुणाकार उणे आला होता. तिथे ती थांबली होती आणि खाली एक ओळ होती: 'वर्गमुळाखाली उणे आलं. याचा अर्थ मला माहीत नाही. शनिवारी विचारते.'

मला भरून आलं. पण रडायची ती वेळ नव्हती. मी प्यूनकडून खराट्याच्या काड्या मागवल्या, फूटपट्टी लावून चार, दहा आणि अठरा इंचांच्या तोडल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, एवढा त्रिकोण करून द्या. मग मीच फॉर्म भरते."

त्यांनी अठराची काडी आडवी ठेवली. दोन टोकांना बाकीच्या दोन लावल्या. टोकं जुळेनात. काड्या वाकवल्या, अगदी आडव्या पाडल्या, तरी मध्ये चार इंच जागा उरली. त्याही हट्टाला पेटल्या होत्या. बराच वेळ लावला त्यांनी. शेवटी चष्मा काढला.

"असा त्रिकोण नसतोच?"

"नसतो."

"मग बाकीच्यांचं उत्तर कसं आलं?"

"उणे चिन्ह गिळून टाकलं. पेपर काढणाऱ्यानंही."

त्यांनी फॉर्म फाडला नाही. तेवढ्या त्या मोकळ्या मनाच्या नव्हत्या. ड्रॉवरमध्ये सारला आणि नोटीस लिहायला घेतली. अठ्ठेचाळीस उत्तर लिहिणाऱ्या सर्व मुलींनी शनिवारच्या तासाला बसणं सक्तीचं आहे.

त्या शनिवारी बाकं पुरली नाहीत. जिला सक्ती नव्हती ती सरोजा सर्वांत पुढे बसली होती, हात वर करून. ती यथावकाश सायन्सला गेली. मी मात्र तेव्हापासून पेपर तपासताना कोरी जागाही वाचू लागले.