आमचा हॉल्ट कोणी बंद पाडला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला जातो तेव्हा रागावलो, खोटं बोललो अशी किरकोळ पापं सांगून उठतो — फादरांनाही घाई असते.

आमच्या गावचा रेल्वे हॉल्ट बंद पडून बरीच वर्षं झाली. फलाटावर आता घाणेरी माजलीय. गावात कुणालाही विचारा, सांगतील — इनासमुळे बंद पडला. इनास म्हणजे तिथला तिकीट एजंट. रेल्वेचा नोकर नव्हे. गावातलाच माणूस, पहाटे केळीला पाणी लावून मग खिडकीत बसणारा.

एकदा तो रेल्वेचं इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आला. मी शाळामास्तर, घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट — दुसऱ्या कुणाकडे जाणार?

"मास्तर, काय लिवलंय?"

मी पहिला परिच्छेद वाचला. कचेरीचं इंग्रजी, डोक्यावरून गेलं. समजलं नाही — एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण चष्मा काढून मी म्हणालो, "नेहमीचं परिपत्रक. फायलीला लाव." पान उलटलंच नाही.

मागच्या पानावर तारीख होती, हे नंतर कळलं. त्या दिवशी साहेब येऊन उतारू मोजणार होते, आणि त्यावर हॉल्टचं ठरणार होतं. तो दिवस नेमका आमच्या चर्चच्या सणाचा. एरवी गाडीनं बाजाराला जाणाऱ्या भाजीच्या पाट्या घरी, माणसं मिस्साला. साहेबांना फलाटावर दिसले इनास आणि दोन बकऱ्या.

पत्र आधीच धाडलं होतं, असं साहेब सांगून गेले. मग गाव इनासवर तुटून पडलं. "पत्र आल्तं तर बोंबललास का नाय?" मी तिथेच उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं — आणि म्हणाला, "चुकलं माझं." का म्हणाला? मास्तरांची लाज राखायची असते म्हणून? मी घसा खाकरला. तेवढंच.

हा झाला भित्रेपणा. पुढचं त्याहून वाईट. गावची स्मरणिका निघाली — शाली, नारळ, पुढाऱ्यांचे पानभर फोटो — आणि इतिहास लिहायला अर्थातच मी. मी लिहिलं, 'एजंटाच्या हलगर्जीपणामुळे स्थानक बंद झाले.' वर ऱ्हस्व-दीर्घही तपासले.

इनासनंही ते वाचलं. पुढे वारला. गेल्या महिन्यात त्याची नात बोळिंजहून आली. कॉलेजचा प्रोजेक्ट होता, विषय आमचा हॉल्ट.

"सर, आजोबांचा विषय काढला की घरी सगळे गप्प बसतात. खरं काय झालं होतं?"

मी कपाटातून स्मरणिका काढली आणि ते पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला. थँक्यू म्हणाली.