गिरिजाकाकींची वेलांटी

प्रयोगशाळेत काही बिघडलं की बाकीचे सगळे पुढे धावायचे आणि लीलाताई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. वसईच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. मी नवी नवी शिकवायला लागले तेव्हा ते हात बांधणं मला निव्वळ आळस वाटलं होतं. पुढे कळलं, हातांना आवर घालून त्या आधी डोळ्यांना कामाला लावत. "एका वेळी एकच गोष्ट हलवा, मॅडम. दोन हलवल्या तर चोर कोन ते कसं कळनार?" हे वाक्य आता वर्गात मी माझं म्हणून खपवते.

लीलाताई राजोडीच्या. गावातल्या चौदा विहिरींचं पाणी त्या सहा वर्षं दर महिन्याला बाटल्यांत भरून आणत आणि स्वतः तपासत. कुणी सांगितलं नव्हतं. वाडीतली केळी करपायला लागली म्हणून त्यांनीच सुरू केलं होतं. सगळ्यात खारी विहीर, त्यांच्या भाषेत बाव, त्यांच्या चुलत सासूची, गिरिजाकाकींची. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काकींनी खोल्या बांधल्या होत्या आणि मोटर दिवसभर चालायची. गोडं पाणी असं उपसलं की खालून समुद्राचं शिरतं. ती मोटर थांबली नसती तर शेजारच्या वाड्याही गेल्या असत्या. काकी मात्र गावभर सांगायच्या, "लीलेची बाटली खोटी."

म्हणून गावच्या बैठकीत सगळ्या विहिरींच्या खारेपणाचा एक मोठा आलेख लावायचं ठरलं. आकडे त्यांचे, संगणक माझा. मी ऐटीत आलेख काढायला घेतला. रेघा झकास आल्या, अक्षरांचा मात्र बट्ट्याबोळ. आधी नुसते चौकोन. फॉन्ट बदलल्यावर अक्षरं उमटली, पण पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसलेली आणि जोडाक्षरांचे तुकडे पडलेले. मी वैतागून चार गोष्टी एकदम बदलल्या, तर चौकोन परत हजर. लीलाताईंचे हात पाठीमागे गेले.

"इंग्रजीतच करते," मी म्हटलं.

"इंग्रजीत केलं तर ते कॉलेजचं. मराठीत केलं तर आपल्या बावीचं."

मग मी पळवाट काढली. पहिली वेलांटी आणि जोडाक्षर असलेले शब्दच टाळायचे: 'विहीर' काढून 'बाव', 'क्षार' काढून 'खार'. "हे तर आमचंच बोलनं!" लीलाताई खूश. पण खाली मालकांची नावं आली, आणि गिरिजाकाकींच्या दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या.

"आता काय, काकीचं नाव बदलायचं?" लीलाताईंचा चेहरा उतरला. "ती त्याच्यावरच बोट ठेवनार. नाव लिवता येत नाय, पानी काय मोजनार, म्हननार."

त्यांनी खुर्ची ओढली. "नुसता 'ग' काढा." ठीक आला. "आता 'गि'." बिघडला. "आता हाच फॉन्ट दुसरीकडे लावून नाव लिवा." मी ब्राउझरमध्ये लिहिलं. नाव अगदी शाळेच्या फळ्यावरच्यासारखं शुद्ध आलं.

"मग फॉन्ट चोर नाय," त्या म्हणाल्या. "तुमचा हा गडी रेघा चांगल्या मारतो, पन लिवायला शिकलेला नाय. ज्याला येतं त्याला लिवू द्या ना."

खरंच होतं ते. सॉफ्टवेअर एकेक अक्षराचं चित्र ओळीने मांडत होतं, ती जोडायची कशी हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी एकच सेटिंग बदललं: मजकुराची चित्रं करू नकोस, मजकूर तसाच ठेव. फाइल ब्राउझरमध्ये उघडली आणि गिरिजाकाकींच्या वेलांट्या आपापल्या जागी येऊन बसल्या. मी दोन पदव्यांची, त्या बारावी झालेल्या. पण आमच्यात शास्त्रज्ञ कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेते, आणि छाती फुगवून घेते.

बैठकीच्या दुपारी आलेख भिंतीवर लावला. गिरिजाकाकी तडक नावांच्या यादीपाशी गेल्या. चष्मा सावरून त्यांनी एकेक अक्षर वाचलं, "गि-रि-जा." मग त्या नावासमोरच्या लाल रेघेवर बोट ठेवून ते सावकाश वर नेत राहिल्या. रेघ बाकी तेरा रेघांच्या वर जाऊन संपत होती.

"ही माझी बाव काय गो, लीले?"

"तुमचीच, काकी."

काकी जमलेल्या लोकांकडे वळल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उद्यापासून मोटर सकाळचीच. दुपारची बंद."

लीलाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला आणि त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात काकीच्या बावीचं पानी दोनदा मोजू, मॅडम. रेघ खाली आली तर पहिलं तिलाच सांगायचंय."