जपानची माती

“हात पूस आधी. घामाचा हात नको लावू वं, जपानची माती हाय ते.”

बाबा व्हरांड्यात पायलला सांगत होते. मी आत, खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसले होते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एरवी मान वर करत नाही. त्या दिवशी केली. का — ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशीही सगळं सांगितलं नाही. तुम्हाला सगळं सांगते.

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. आता निवृत्त आहेत, पण नागपूरच्या मनीषनगरात आमच्या घराजवळच्या मैदानावर सकाळी मुलींना सॉफ्टबॉल शिकवतात. जपानमधल्या एका जुन्या बेसबॉल स्टेडियमबद्दल ते माझ्या लहानपणापासून बोलत आलेत. तिथे दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांची स्पर्धा होते. जो संघ हरतो त्याची मुलं गुडघ्यांवर बसून मैदानातली काळी माती पिशवीत भरतात आणि घरी नेतात. जिंकणारे नाही — हरणारे. बाबांना हे फार पटायचं.

मिहानमधल्या माझ्या कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं आणि खोली मिळाली ती नेमकी त्या स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. बाबा किती खूश झाले असतील? मलाच लाज वाटावी इतके.

वेलींनी झाकलेली स्टेडियमची भिंत माझ्या बाल्कनीतून दिसायची. मॅचच्या दिवशी गल्ली एकाच रंगाच्या शर्टांनी भरून जायची. न्हाव्याच्या दुकानातही संघाचा झेंडा. कोपऱ्यावर एक म्हातारी बाई बटाट्याच्या गरम टिकिया विकायची, तिच्यापुढे रांग लागायची. आणि मी? पडदा अर्धा ओढून बघत बसायची. आत प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं आणि ते सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं असतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. अनोळखी हजारो लोकांत एकटीनं उभं राहायचं, गाणं येत नसताना — मला नाही जमलं. एकदाही नाही.

बाबांचा फोन आला तेव्हा शाळकरी मुलांच्या त्या स्पर्धेतली मॅच सुरू होती. गेलीस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आतच आहे. फोन बाल्कनीबाहेर धरला. बँड, टाळ्या आणि मॅच संपल्याचा भोंगा — जुन्या कापडगिरणीसारखा. फोन परत कानाला लावला तर बाबा हळू आवाजात बोलत होते. शेजारच्या प्रेक्षकांना त्रास नको म्हणून.

ते म्हणाले, येताना चिमूटभर माती आण.

आता जे कधीच बोलले नाही, ते. त्याच संध्याकाळी मी खाली उतरले होते. हरलेल्या संघाची मुलं बसकडे चालली होती. एकाची पिशवी फाटली आणि माती फुटपाथवर सांडली. तो खाली बसला, ओंजळीनं भरू लागला. बस निघायची वेळ झाली, त्याला हाक आली, तो गेला. फरशांच्या फटीत थोडी उरली होती. माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. वाकायचं होतं फक्त. पण टिकियांच्या रांगेतली माणसं बघत होती — खरंच बघत होती का? मी वाकले नाही. सकाळी म्हातारीनं दुकानापुढचा फुटपाथ झाडला, तेव्हा मी बाल्कनीतून बघत होते.

विमानातून माती आणू देत नाहीत, हे खरं कारण हाताशी होतं. तेही सांगितलं नाही. नागपुरात उतरले, दुसऱ्या दिवशी घरामागच्या रिकाम्या प्लॉटवरची माती चाळली आणि जपानी बिस्किटांच्या डब्यात भरून बाबांना दिली. त्यांनी ती काचेच्या बरणीत ठेवली.

तेव्हापासून जी मुलगी शेवटची मॅच हरून खेळ सोडते, तिला बाबा त्यातली चमचाभर देतात. एकीनं ती सासरी नेली. एकीनं देवघरात ठेवलीय.

पायल जवळच्या कुही गावची. बाबांची सगळ्यात चांगली पिचर. तिच्या शेवटच्या चेंडूवर मॅच गेली होती, आणि आता ती नर्सिंगला चालली होती.

“हारले मी, आन् बक्षीसबी मलेच? सर, उद्यापासून साऱ्याच हारतीन.”

“हारणाऱ्यालेच भेटते हे. जिंकणाऱ्याले कप भेटते.”

हसत हसत तिनं गुडघे टेकले. बाबांनी तसं शिकवलंय. चमच्यातून थोडी माती फरशीवर पडली. तिचं हसू थांबलं. तिनं बोट ओलं केलं आणि एकेक कण टिपून पुडीत घालू लागली.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुमी तं स्टेडियमच्या आतून पायलं ना? रडत असतीन ना पोट्टे, माती भरता भरता?”

बाबाही वळले. त्यांनाही ऐकायचं होतं.

मी लॅपटॉप मिटला, दारापर्यंत आले.

“बाबा, ही माती आपल्या मागच्या प्लॉटवरची आहे. मी आत कधी गेलेच नाही.”