देवीची पहिली पत्रिका

उरणच्या बाजारात माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे आणि प्रिंटर माझं ऐकतो, यात मला तरी शंका नाही. गिऱ्हाइकांचं तसं नाही. मोबाइल पुढं करून "यात दिसतंय तसंच काढून द्या" म्हणणाऱ्याला मी आधी खुर्ची देते. पडद्यावर दिसतं ते सगळं कागदावर उतरतंच असं नाही आणि प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी.

गेल्या लग्नसराईत आमच्या खाडीकाठच्या गावातली एक काकी लेकीला घेऊन आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोळंबी विकून तिनं एकटीनं मुलीला शिकवलं. मुलीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका एका वेबसाइटवर बनवली होती. अशा घरात निमंत्रक म्हणून दिराचं नाव घालायची गावची रीत. हिनं मात्र लाल पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत आईचं नाव घातलं होतं. दीर काही बोलला नव्हता, काकीच धास्तावली होती. पहिली पत्रिका गावदेवीपुढं ठेवायची, म्हणून त्या दिवशी एकच प्रत हवी होती. पिशवीत नारळ तयार होता.

मी प्रिंट काढली. गणपती आला, मुहूर्त आला, जेवणाची वेळसुद्धा आली. आईचं नाव होतं तिथं नुसता पांढरा कागद.

काकीचा चेहरा उतरला. "बग, देवीलाच मंजूर नाय. दिराचाच नाव घाल, बाय."

लेक रडकुंडीला आली. मला राग आला. देवीचा नाही, तिच्या नावावर खपणाऱ्या त्या भीतीचा.

"काकी, देवीला मधी आनू नका," मी म्हणाले. "हे ब्राउझरचं काम हाय. टेन्शन घेऊ नका, बसा."

दुसऱ्या ब्राउझरमधून काढली, तर पट्टा आला, पण पत्रिकेचे दोन तुकडे झाले. नवरी एका पानावर, नवरा दुसऱ्यावर. काकीनं कपाळाला हात लावला. मला मात्र दुखणं सापडलं होतं. नावासकट तो पट्टा म्हणजे पानामागं लावलेलं चित्र होतं आणि शाई वाचावी म्हणून पहिला ब्राउझर मागची चित्रं परस्पर गाळत होता. प्रिंटच्या खिडकीत खाली 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' असा चौकोन असतो. त्यात टिक केली आणि पहिल्याच ब्राउझरमधून पुन्हा काढली.

एकच पान, वर लाल पट्टा, त्यात तिचं नाव. काकीनं कागद दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ त्या पट्ट्याकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता नारळ घेऊन थेट देवळाकडे निघेल.

"अजून एक काड," ती म्हणाली.

"ती कोनाला?"

"दिराला," काकी पदर खोचत म्हणाली. "आमंत्रन मीच देनार."